कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांच्या वाडीतील माणसे

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत परीक्षांत उज्ज्वल यश मिळविलेल्या मुलामुलींची नामावली आधी येते आणि तिच्या पाठोपाठ एखाद्या थोर ज्ञातिबांधवाचे चरित्र येते, असा परिपाठ आहे. यंदा त्या जागी कै. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र लिहिताना प्रस्तुत लेखकास थोडा संकोच वाटत आहे. पहिली अडचण अशी की, ज्या नामावलीच्या शेजारी हे चरित्र छापले जाणार, त्या नामावलीत लक्ष्मणरावांचे नाव कधीही आले नसते. त्यांनी कोणतीही पदवी घेतली नाही. दुसरी अडचण याहून अवघड आहे. आपण त्यांना अभिमानाने आपले म्हणतो. पण त्यांनी जे गाव वसविले त्या गावात अस्पृश्यतेला त्यांनी मज्जाव केला होता, आणि माणसाची किंमत त्याच्या कुळावरून किंवा प्रमाणपत्रावरून न करता त्याच्या हातच्या कामावरून करण्याची रीत तेथे पाडली होती. हा संकोच मनात ठेवूनच पुढील हकीकत सांगतो.

किर्लोस्कर घराणे मूळचे कोकणातील किर्लोस गावचे. त्यावरूनच हे आडनाव पडले. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच आडनावाचे, त्यामुळे कलेचे वेड हे या नावाला नवे नव्हते. लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरात मुलाने शिकून सरकारी चाकरी धरावी ही अपेक्षा स्वाभाविकच होती. मुलाचे लक्ष मात्र पुस्तकांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक. वडिलांची नाखुषी असतानाही वडील बंधू रामचंद्र, म्हणजेच रामूअण्णा, यांच्या पाठबळावर १८८५ साली ते मुंबईस गेले आणि जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले. रामूअण्णांचा हा आधार पुढे जन्मभर त्यांना पुरला. किर्लोस्करांच्या उद्योगाचा इतिहास लिहिताना धाकट्या भावाचे नाव ठळक येते आणि थोरल्याचे बारीक अक्षरांत. हे बरोबर नाही असे आमचे मत आहे.

कलाशाळेत दोन वर्षे झाली नाहीत तोच त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही हे उघडकीस आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलास याहून मोठा घाव कोणता? रंग सुटले, रेषा मात्र हातात राहिली. यंत्रांच्या आराखड्यांचे रेखाटन त्यांनी चांगले आत्मसात केले आणि त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाटनाच्या साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. शिकविता शिकविता ते स्वतः शिकत होते. संस्थेतील यंत्रे उकलून पाहावी, परदेशी यांत्रिक मासिके वाचावी, हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. याच काळात, १८८८ साली, बेळगावास दोघा भावांनी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवाव्या आणि रामूअण्णांनी त्या विकाव्या, गिऱ्हाइकास चालविण्यास शिकवाव्या, अशी वाटणी होती. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव त्या दुकानाचे.

१८९७ साली संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. त्या काळी अशा गोष्टी नित्य घडत आणि बहुतेक लोक त्या गिळून पुढील महिन्याच्या पगाराची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. पुढे चाळीस-पन्नास वर्षे त्यांनी नोकरीस ठेवलेल्या माणसांकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे मूळ या एका अनुभवात असावे असे आम्हांस वाटते. गुण असून ज्यास बाजूस सारले गेले आहे त्याच्या मनात काय चालते, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

बेळगावास प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगराची कथा आपल्याकडे बहुतेकांस ठाऊक आहे, परंतु तिचा मथितार्थ पुष्कळदा निसटतो. दक्षिणेतील काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगराने ती ओरखडली जात, उपटली जात नसत. खोल नांगरट करावयाची तर बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. लोखंडी नांगर माती उलथून टाकतो, त्यामुळे मुळे उन्हात पडून वाळतात. इंग्लंडातील रॅन्सम्स कंपनीचे असे नांगर हिंदुस्थानात येत होते, पण ते सामान्य कुणब्याच्या आवाक्याबाहेरचे होते. लक्ष्मणरावांनी येथील बैल, येथील माती आणि येथील लोहाराचे हत्यार लक्षात घेऊन नांगर घडविला, आणि शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी समजूत पसरलेली होती. पहिले मोजके नांगर खपण्यास दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे त्यांच्या चरित्रातील फार मोलाची वर्षे आहेत. ज्या मालकाने स्वतःचा माल दोन वर्षे अंगणात पडलेला पाहिला, आणि तरीही शेतकऱ्यास अडाणी न ठरविता त्याच्या शंकेचे निरसन करीत नांगरात सुधारणा चालू ठेवली, त्या मालकापुढे एखाद्या कामगाराने फसलेला प्रयोग आणून ठेवला तर तो त्यास हसणार नाही. कारखान्यातील माणसे नवी कल्पना बोलून दाखवीत नाहीत ती बहुधा बुद्धीच्या अभावी नव्हे. हसे होईल, दंड होईल, जागा जाईल, या धास्तीने गप्प बसतात. किर्लोस्करांच्या कारखान्यात ही धास्ती कमी होती, आणि ती कमी होण्याचे एक कारण मालकाचे स्वतःचे अपयश सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले होते हे होय.

१९१० साली एक संकट आले. शहराच्या वाढीसाठी जागा हवी म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखाना हलविण्यास सांगितले. त्या सुमारास औंधच्या यमाई देवीच्या देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे नुकतेच, १९०९ साली, गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून त्यांची ख्याती पुढे दूरवर गेली. औंध संस्थान सलग नव्हते. सातारा भागात औंध, पलीकडे आटपाडी, कृष्णाकाठच्या बाजूस कुंडल आणि विजापुराकडे गुणदाळ अशी त्याची ठिगळे विखुरलेली होती. बाळासाहेबांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर माळजमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज देऊ केले. एका चित्रकाराने रंग सोडलेल्या दुसऱ्या चित्रकारास दिलेली ही देणगी दक्षिण महाराष्ट्राच्या उद्योगधंद्यांच्या इतिहासात फार मोठी ठरली. कऱ्हाडनजीकच्या ओगलेवाडीचा काचकारखानाही याच राजाच्या उत्तेजनाने उभा राहिला, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

ही जमीन म्हणजे निवडुंगाचे रान होते. पाणी नाही, सावली नाही, नागांचा मात्र सुकाळ. १० मार्च १९१० रोजी तेथे कामास प्रारंभ झाला. सुमारे पंचवीस कामगार आपापल्या कुटुंबांसह बेळगावाहून आले. कोणाही सुखवस्तू शहरी कारागिराने तेथे का यावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पगाराची ओढ म्हणावी तर मालकाच्या हाती कर्जाचे पैसे होते. ते आले याचा अर्थ एवढाच की, बेळगावच्या छपरीत या माणसाच्या हाताखाली काम करण्यात त्यांना काही निराळे मिळाले होते. इंग्लंडातील बोर्नव्हिल आणि पोर्ट सनलाइट या उद्योगनगरींविषयी लक्ष्मणरावांनी वाचले होते. कामगाराचे घर, मुलांची शाळा, रस्ते, झाडे ही कारखान्याइतकीच आवश्यक होत, हा विचार त्यांनी तेथून घेतला. परंतु निवडुंगाच्या माळावर तो विचार प्रत्यक्षात उतरविण्याचे काम रामूअण्णांनी केले. वसाहतीची आखणी आणि कारभार त्यांचा होता.

आता त्या माणसांविषयी सांगावयाचे. वाडीच्या आरंभीच्या काळातील जी नावे किर्लोस्करांच्या इतिहासात पुन:पुन्हा येतात, ती एके ठिकाणी मांडून पाहिली तर मोठा विस्मय वाटतो. शंभूराव जांभेकर हे यंत्रज्ञ. के. के. कुलकर्णी हे परीक्षेत नापास झालेले विद्यार्थी. वाडीत त्यांनी पडेल ते काम अंगावर घेतले आणि सर्व कामांत वाकबगार असे व्यवस्थापक झाले. मंगेशराव रेगे कारकून होते, त्यांच्याकडे मुख्य हिशेब आले. अनंतराव फळणीकर शाळेतून पळून गेलेला मुलगा. त्याच्यातून कारखान्याचा एक अत्यंत कल्पक यंत्रकार निर्माण झाला. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेले. त्यांच्याकडे वाडीच्या राखणीचे काम सोपविले गेले आणि ते त्यांनी विश्वासाने केले.

नापास, पळपुटा, दरोडेखोर. आपल्या घरी मुलीसाठी स्थळ पाहताना यांतील एकाचीही पत्रिका आपण हातात धरली नसती. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. इतरांच्या नावापुढे राव लागले, आडनाव लागले. या शेवटच्या दोघांची नावे मात्र जातीसकटच आपल्यापर्यंत आली. अस्पृश्यता दूर सारणाऱ्या गावाच्या इतिहासातही भाषा मागे राहिली होती.

शाळेने टाकून दिलेल्या मुलाच्या अंगी कल्पकता असते असे सरसकट विधान कोणी करू नये. तसे असते तर जग सोपे झाले असते. लक्ष्मणरावांची खुबी निराळी होती. माणूस आला की त्यास काय येत नाही याची चौकशी न करता ते त्याच्या हाती काम देत, आणि काम देताना त्याबरोबरची जबाबदारीही देत. ओतकामाच्या कारखान्यात याला फार अर्थ आहे. बिडाचा नग ओतण्यापूर्वी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून पोकळी तयार होते आणि त्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. बीड थंड होताना आकसते, फुटामागे सुमारे अष्टमांश इंच; म्हणून नमुना तेवढा मोठा हवा. आत पोकळ नग हवा असेल तर त्या पोकळीचाच वेगळा गाभा करून आत बसवावा लागतो. नमुना करणाऱ्यास वस्तू उलटी, आतून बाहेर, मनात पाहता यावी लागते. हे पुस्तक पाठ करून येत नाही, आणि वरून हुकूम सोडूनही येत नाही. वाळूत ओल किती, बीड कोणत्या वेळी ओतावे, नग कोठे तडकला आणि का, हे ज्याच्या हातून ते काम होते त्यालाच प्रथम कळते. त्याचे म्हणणे ऐकून घेतले नाही तर कारखाना आंधळा होतो.

लक्ष्मणराव स्वतः रेखाटनाचे शिक्षक. कागदावरील रेषा आणि वाळूतील पोकळी यांत किती अंतर असते ते त्यांनी जाणले होते, आणि ते अंतर कारागिराच्या मदतीवाचून तोडता येत नाही हेही जाणले होते. शिवाय वाडी पडली आडबाजूस. यंत्राचा एखादा भाग मोडला तर मुंबईहून येण्यास दिवसगत लागणार; त्यापेक्षा तो येथेच कसा करता येईल हे पाहणे भाग होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१४ ते १९१८ या वर्षांत, परदेशी नांगर येणे दुर्घट झाले आणि किर्लोस्करांच्या नांगरास मागणी वाढली. पण त्याच वेळी परदेशी कच्चा मालही दुर्मिळ झाला आणि त्याला पर्याय शोधण्याची पाळी आली. अडचणीने कल्पकता वाढते असे म्हणतात. आमच्या मते अडचणीने बहुतेक कारखाने बंद पडतात. जेथे माणसांस प्रयोग करण्याची सवय आधीच लागलेली असते तेथेच ती उपयोगी पडते.

त्या एका लहान कारखान्यातून काय काय बाहेर पडले पाहा. नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र, पाण्याचे हापसे, पुढे लेथ, पोलादी सामान. १९२६ साली तेथे केंद्रोत्सारी पंप तयार झाला. हिंदुस्थानात झालेला तो या जातीचा पहिला पंप मानला जातो. १९२० साली ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली होती. यांतील बहुतेक वस्तू शेतकऱ्याच्या, आणि त्याही आसपासच्या शेतकऱ्याच्या, गरजेतून आल्या.

यांत लोखंडाशी काडीचाही संबंध नसलेली एक वस्तू आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव हे चित्रकलेचे शौकीन. यंत्रांच्या कारखान्यात त्यांचे काय काम, असा प्रश्न एखाद्या काटेकोर मालकाने केला असता. काकांनी तो केला नाही. शंकररावांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाचे एक पत्र काढले. मूळ हेतू कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस पोहोचविण्याचा. त्याचे रूपांतर बघता बघता महाराष्ट्रातील एका आघाडीच्या मासिकात झाले. पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. विधवांचे प्रश्न, रूढी, अंधश्रद्धा यांवरील त्या मासिकांतील लेखांनी आपल्याच ज्ञातीतील कितीतरी वडीलधारी मंडळी त्या काळी संतापली होती, आणि त्यांच्याच माजघरांत ‘स्त्री’ वाचली जात होती, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. नांगराच्या कारखान्याच्या आवारातून स्त्रियांचे मासिक निघणे ही आजही थोडी नवलाची गोष्ट वाटते. ज्या आवारात फळणीकरांस मोकळीक होती त्याच आवारात शंकररावांसही होती.

या चित्रास दुसरी बाजू आहे आणि ती लपविण्याचे कारण नाही. वाडीत घर मालकाचे, शाळा मालकाची, नोकरीही मालकाचीच. ज्याचे छप्पर, मुलांचे शिक्षण आणि रोजचा घास एकाच हाती आहे, त्याने त्या हातास नाही म्हणणे सोपे नसते. लक्ष्मणराव उदार होते म्हणून ही व्यवस्था चालली; ती उदारपणावर अवलंबून होती हेच तिचे वैगुण्य. कंपनीच्या वरच्या जागी घराण्यातील मुले येत गेली. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परतले. पदवी नसलेल्या पित्याने आपल्या मुलास मात्र पदवीसाठी सातासमुद्रापार धाडले. याला कोणी विसंगती म्हणेल. पण शिक्षणाचा तिटकारा लक्ष्मणरावांस कधीच नव्हता. शिक्षण नसलेल्याचा तिटकारा त्यांना नव्हता, इतकेच. शंतनुरावांच्या कारकीर्दीत उद्योगाचा विस्तार हरिहर, बंगलोर, पुणे असा झाला. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली.

१९४८ च्या फेब्रुवारीत, महात्मा गांधींच्या हत्येनंतर जी जाळपोळ साताऱ्याच्या मुलखात झाली, तिची झळ किर्लोस्करवाडीसही लागली. कारखाना आगीत सापडला आणि मोठी हानी झाली. आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या घरी त्या आठवड्याच्या आठवणी आहेत; काही घरांतून त्या बोलल्या जातात, काही घरांतून नाही. त्या आठवणी उगाळण्यासाठी हा उल्लेख केलेला नाही. लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या गावात त्यांनी जातीला उंबरठ्याबाहेर ठेवले, त्याच गावावर जातीच्या नावाने आग चालून आली. यावर त्यांच्या मनात काय आले असेल, ते आम्ही सांगू शकत नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या. ज्या पंचक्रोशीतून ती आग आली त्याच पंचक्रोशीतील माणसे त्या भट्ट्यांवर पुन्हा काम करू लागली.

त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले. वाडी १९४९ साली दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. हा शेवटचा बदल पाहण्यास लक्ष्मणराव नव्हते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. २० जून १९६९ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीस, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. कुंडल रोड या स्थानकाचे नाव त्यापूर्वीच बदलून किर्लोस्करवाडी असे झाले होते. मिरजेहून पुण्याकडे जाताना ज्ञातिबांधवांनी गाडी तेथे थांबली की खिडकीतून पाहावे. पंपांचा कारखाना त्याच माळावर चालू आहे, झाडे दाट वाढली आहेत, आणि निवडुंग शोधूनही सापडत नाही.